तुझ्या टिंबाबद्दल

प्रिय बंड्या,

तब्येत बरी. गुडघा कुरकुरतो, पण चालवून घेतो. पत्राचं कारण तुझं परवाच्या मेसेजमधलं "ठीक आहे." नुसतं "ठीक आहे" नव्हे, पुढे टिंब, म्हणजे पूर्णविराम. मराठीच्या बाईंचा लाडका तू, टिंब देणारच, हे ठाऊक असूनही वाटत राहिलं की गडी चिडलाय.

हसू नकोस, यावर प्रयोग झालाय. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात सेलिया क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२६ विद्यार्थ्यांना छोटी संभाषणं वाचायला दिली. मेसेजमधल्या एका शब्दाच्या उत्तरापुढे टिंब असलं की ते कमी मनापासूनचं वाटलं. हातानं लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र टिंबानं काही बिघडलं नाही. मला कारण सरळ दिसतं. मेसेजमध्ये 'पाठव' दाबलं की वाक्य संपतंच. मग टिंब उगाच कशाला दिलं, असं वाचणाऱ्याला वाटतं आणि तो शोधत बसतो.

तुझ्या रोमन मराठीवरून आपण भांडलो होतो, त्यात हिशेब तुझ्या बाजूनं होता, हे आज कबूल करतो. एका एसएमएसमध्ये १४० बाइट, म्हणजे ११२० बिट, मावतात. रोमन अक्षराला ७ बिट, म्हणून १६० अक्षरं. देवनागरीचं एक जरी अक्षर घुसलं की अख्खा मेसेज १६ बिटांवर जातो आणि उरतात ७०. त्यातही काना, वेलांटी, हलन्त सगळं सुटं मोजतात: 'क्षमस्व' दिसायला तीन अक्षरं, मोजणीत सात. ७० ओलांडले की तुकडे पडतात, ते जोडायच्या खुणेला ६ बाइट जातात, मग तुकड्यामागे ६७च. माफी मागणं तेव्हा खरंच महाग होतं! आता जागेची ददात नाही, तुझी खोड मात्र तशीच. रोमनमध्ये 'काल' आणि 'काळ' एकच. "सुध्याकडे काल आला होता" हे मी कसं वाचलं, आठवतंय ना? वेळ आली नव्हती म्हणून बरं.

पण मला खुपतं ते टिंब नाही, रोमनही नाही. त्या निळ्या खुणा. व्हॉट्सअ‍ॅपवर एक खूण म्हणजे मेसेज सर्व्हरपर्यंत गेला, दोन म्हणजे समोरच्याच्या फोनवर पोचला. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्या निळ्या व्हायला लागल्या आणि सगळे 'वाचलं' असं धरून चालले. फोनला कळतं एवढंच, की संभाषण उघडलं गेलं. खिशातून काढताना बोट लागलं, पोरानं उघडलं, तरी निळं. उलट वरच्या वर सूचनेत अख्खा मेसेज वाचला तरी राखाडी. खुणा बंद केल्या तर इतरांच्याही दिसेनाशा होतात, आणि ग्रुपमध्ये त्या बंद होतच नाहीत. तिथे शेवटच्या माणसानं उघडेपर्यंत निळं होत नाही. म्हणजे दाद्याचा एकट्याचा फोन बंद, आणि नानीचा रुसवा सगळ्यांवर.

पूर्वी उत्तराला महिना लागला तरी टपालावर ढकलता यायचं. "मिळालंच नाही" ही थाप मारणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या, दोघांच्याही सोयीची होती. आता गप्प बसण्यालाही तासमिनिटांसकट पुरावा. म्हणून माणूस उत्तर सुचायची वाट बघत नाही, अंगठा टाकून मोकळा होतो. त्या अंगठ्याचा अर्थ 'हो', 'कळलं', 'पुरे आता', काहीही. ज्या गोष्टीला विचार लागतो तिला उशीर होणार, आणि उशीर झाला की गोष्ट राहते बाजूला, रुसवेफुगवेच आधी.

दाद्याच्या बाबतीत तू विचारलंस, त्याचं उत्तर मी चारदा टाइप करून खोडलं. तुला तिकडे 'टाइप करत आहे' दिसलं असेल, मग काहीच नाही. तू त्याचा काय अर्थ लावलास? त्याला भेटायचं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, एवढंच खरं उत्तर आहे.

वहिनींना नमस्कार. पोरीचा निकाल लागला का? आणि गच्चीची गळती थांबली का?

उत्तर पत्रानंच पाठव. टिंबं हवी तेवढी दे.

तुझा,
बाळ्या