मेंटॉरच्या डायरीत न बसणारी गोष्ट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॉलेज सुरू झालं की नोटीस बोर्डावर मेंटॉरच्या, म्हणजे मार्गदर्शक शिक्षकांच्या, याद्या लागतात. एकेका प्राध्यापकामागे चाळीस-पन्नास पोरं. मग कॉलेजचा दर्जा तपासणारी नॅकची समिती येणार म्हटलं की डायऱ्या निघतात : ‘अडचण – इंग्रजी कच्चे. उपाय – समुपदेशन केले.’ यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवलं. वर्षभराची डायरी एका दुपारी, दोन वेगळ्या पेनांनी मीही भरली आहे. त्यामुळे दुसऱ्याला नावं ठेवायला हे पत्र नाही.

२०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली कपाशी पोखरली. पुढच्या हंगामात बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी तास संपल्यावर थांबली. “सर, आपल्या पुस्तकात बोंडअळी हाय काय?” होती, जीवनचक्राची आकृती होती. मी तिला म्हटलं, बापाच्या वावरात एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधानं बोंडअळीचे नर पतंग ओढणारे) लाव आणि रोज सकाळी त्यातले पतंग मोज. सापळ्यामागे आठ पतंग सलग तीन दिवस आले की फवारणीचा विचार करायचा, हा हिशेब तिच्या बापालाही पटला.

पंधरा दिवसांनी वही आली. पाच, सहा, पाच, सात. एक दिवस कोरा नाही. पण मधल्या एका दिवशी नाल्याला पूर येऊन एसटीच आली नव्हती, आणि तिचं वावर नाल्यापलीकडे. विचारलं तर मान खाली. “मोकळं ठेवलं त तुम्ही रागवाल म्हणून लिहून टाकलं.”

यात तिचा दोष थोडा, आमचा जास्त. प्रॅक्टिकलचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, जर्नल सीनियरच्या जर्नलवरून उतरतं आणि आम्ही डोळे झाकून सही करतो. (यूजीसीनं २०१४ मध्ये विच्छेदन बंद केलं ते बरंच झालं, पण त्याच्या जागी आम्ही काय आणलं? तक्ते.) मी तिला एवढंच सांगितलं : पाहिलं आणि काहीच भेटलं नाही तर शून्य लिही, पाहिलंच नाही तर रेघ मार. ही गोष्ट इतकी वर्षं फळ्यावर शिकवायची मला सुचली नव्हती.

पुढची वही कुरूप होती, रेघा आणि खाडाखोड. पण त्यातूनच तिचा प्रश्न निघाला : घराजवळच्या सापळ्यात पतंग जास्त का? मी उत्तर दिलं नाही. गोठ्याशेजारी जळणासाठी रचलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांच्या, ढिगातली वाळकी बोंडं फोडून बघ म्हणालो. एकात अळी निघाली, बाकीच्यांत नुसती भोकं, म्हणजे पतंग बहुधा त्या ढिगातूनच येत होते. त्यानंतर इंग्रजी लेखाचा एकेक परिच्छेद आम्ही दर गुरुवारी सोबत वाचायचो. तिचं इंग्रजी ‘कच्चे’ होतं, पण अळी ओळखीची होती, म्हणून वाचन पुढं सरकलं.

आता राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलंय. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं तर आधीच्या तीन वर्षांत ७५ टक्के हवेत. पण तोवर एकदाही स्वतः काही मोजलेलं नाही, असा विद्यार्थी चौथ्या वर्षी एकाएकी संशोधन कसं करणार? प्राचार्यांना विनंती आहे, मेंटॉरला चाळीस नको, पाच विद्यार्थी द्या. त्यांचा अर्धा तास टाइम टेबलमध्ये घाला, तोही शेवटच्या एसटीच्या आधी. आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना त्या अर्ध्या तासाचे पैसे द्या. तास संपला की दुसरं कॉलेज गाठायला ते पळतात, त्यांना थांबा म्हणायचं कोणत्या तोंडानं?

माझं वय ६७. एसटीचं अर्धं तिकीट लागतं, ते माझं मी काढीन. जिल्ह्यातल्या कोणत्याही प्राणिशास्त्र विभागानं गुरुवारी बोलावलं तर येतो. फक्त पोरांना रेघा मारलेल्या वह्या घेऊन बसवा.

– एक निवृत्त प्राध्यापक, जि. यवतमाळ