सिनेमा खुशाल करा, पण आधी नाटक शूट करून ठेवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

संगीत नाटकावर सिनेमा आला की आपल्याकडे ठरलेलं भांडण सुरू होतं, पदं (म्हणजे नाटकातली गाणी) कापली, चाली बदलल्या, ऑर्केस्ट्रा घुसवला वगैरे वगैरे. २०१५ ला 'कट्यार काळजात घुसली' आला तेव्हा हेच झालं, जानेवारी २०२५ मध्ये 'संगीत मानापमान' आला तेव्हा परत तेच. मला विचाराल तर पदं कापल्याचं मला फारसं काही वाटत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या 'संगीत शाकुंतल' नाटकात दोनशेच्या आसपास पदं होती, ती सगळी पडद्यावर घेतली तर थिएटरवाल्याला प्रेक्षकांसाठी अंथरुणंच टाकावी लागतील.

नाटकात पद सुरू झालं की गोष्ट थांबते आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण लोक गाणं ऐकायलाच आलेले असतात. समोर ऑर्गनवाला आणि तबलजी गायकाच्या तोंडाकडे बघत बसलेले, गायकाने एखादी अवघड जागा घेतली की तबलजीची मान हलणार, मग टाळ्या, मग वन्स मोअर, आणि दुसऱ्या वेळी तेच पद तो जरा वेगळंच गाणार. पडद्यासमोर बसून कोण कुणाला वन्स मोअर देणार? तिथे गाणं चालू असताना गोष्टही सरकली पाहिजे, नाहीतर लोक मोबाइल काढतात. म्हणूनच 'कट्यार'मधलं 'घेई छंद मकरंद' सिनेमातही टिकलं असं मला वाटतं, ते मुळात नाटकातच गोष्ट सांगायचं काम करत होतं. गोष्ट पंडितजी आणि खाँसाहेब या दोन गवयांच्या चुरशीची. शब्द तेच, पण पंडितजींची चाल संथ आणि खाँसाहेबांची एकदम चपळ, दोन गायकींमधला फरक कळायला एकही डायलॉग लागत नाही. नाटकाचे संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनी हे १९६७ मध्येच करून ठेवलेलं, सिनेमावाल्यांना आयतं मिळालं.

मला खटकतं ते वेगळंच. नाटकात जो दिसतो तोच गातो. वसंतराव देशपांडे खाँसाहेब म्हणून उभे राहायचे तेव्हा चेहरा, घाम, लागलेला दम आणि ती तान, सगळं एकाच माणसाचं. सिनेमात चेहरा सचिन पिळगांवकरांचा आणि गळा राहुल देशपांडेंचा, म्हणजे वसंतरावांच्या नातवाचा. पंडितजींचा शिष्य सदाशिव दिसायला सुबोध भावे, गायला महेश काळे (त्यांना त्यासाठी नॅशनल अवॉर्डही मिळालं आणि ते योग्यच होतं). सगळ्यांची कामं चोख आहेत, त्याबद्दल वादच नाही, पण ज्या गोष्टीत गळ्यावरून घरं उद्ध्वस्त होतात तिथेच गळा उसना म्हणजे जरा गंमतच की. शंकर महादेवन पंडितजी झाले आणि स्वतःच गायले तिथे फरक लगेच कळतो, मानेच्या शिरांना अभिनय करावा लागत नाही.

आता सिनेमा म्हटलं की प्लेबॅक येणारच, त्यावर रुसून काय होणार. पण आज ज्याला तुलना करायचीय त्याने मूळ नाटक बघायचं कुठे? प्रयोग जवळपास लागला तर नशीब, नाहीतर यूट्यूबवर मागच्या रांगेतून काढलेला व्हिडिओ, ज्यात गाण्यापेक्षा शेजारच्याचं खोकणं जास्त ऐकू येतं. १९२१ च्या, दोन नाटक कंपन्यांनी मिळून केलेल्या संयुक्त मानापमानाच्या गोष्टी अजून सांगतात लोक, नायिका भामिनी बालगंधर्वांची आणि नायक धैर्यधर केशवराव भोसल्यांचा, टिळक स्वराज्य फंडासाठी केलेला प्रयोग, आणि त्याच वर्षी केशवराव गेले पण. तेव्हा बोलपटच नव्हता, इलाज नव्हता. बोलपट आल्यावर १९३५ मध्ये प्रभात फिल्म कंपनीने बालगंधर्वांना 'धर्मात्मा'त घेतलं ते संत एकनाथ म्हणून, म्हणजे ज्यांची स्त्री-भूमिका बघायला लोक वेडे व्हायचे ते पडद्यावर आले पुरुष होऊन!

आज ही सबब चालणार नाही. अमेरिकेत 'हॅमिल्टन' नावाचं म्युझिकल आहे, २०१६ मध्ये मूळ कलाकार अजून काम करत होते तेव्हाच त्यांचे प्रयोग थिएटरमध्येच बऱ्याच कॅमेऱ्यांनी शूट केले, क्लोजअप प्रेक्षक नसताना वेगळे घेतले, आणि २०२० ला ते ओटीटीवर आलं. उद्या कुणी त्याच्यावर वेगळा सिनेमा काढला आणि अर्धी गाणी उडवली तरी मूळ चीज कुठे जात नाही.

तर निर्मात्यांना एवढंच सांगणं आहे, संगीत नाटकाचे हक्क घेताना करारातच लिहून टाका की सिनेमाच्या आधी त्याच नाटकाचे दोन-तीन प्रयोग नीट शूट करायचे, गाणाऱ्या नटांना घेऊन. सेट, कॉस्च्युम आणि व्हीएफएक्सवर जो पैसा जातो त्यापुढे हा खर्च किती असेल? मग तुम्ही चाली बदला, शेवट बदला, हवं तर अर्धी पदं गाळा, माझ्यासारखे लोक तक्रार करणार नाहीत (म्हणजे कमी करतील). फक्त शूट करताना ऑर्गन आणि तबल्याला वेगळे माईक द्या, आणि वन्स मोअर आला तर तो एडिटिंगमध्ये कापू नका.

आपला,
एक नाटकवेडा वाचक