"तुम्हीच बघा की, बाई" म्हणणाऱ्या मिस्त्रींना

आदरणीय मिस्त्री,

सप्रेम नमस्कार.

उद्यमनगरात तुम्हाला सगळे मिस्त्रीच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. तुमचं नाव किंवा गॅरेजचा पत्ता इथं लिहीत नाही. "बोर्ड लावायला नको बाई, हाताखाली पोरं दोनच आहेत," असं तुम्हीच म्हणाला होता. पण माझ्या गाडीच्या दुरुस्तीबद्दल तुमचे आभार चारचौघांत मानायचे आहेत, कारण तुमच्याकडं येण्याआधी महिनाभर माझा पाणउताराही चारचौघांतच झाला होता.

गाडी घेतली पाडव्याला. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत स्वतःच्या पैशानं घेतलेली ही पहिली चारचाकी. कोल्हापूर ते पेठ वडगाव रोज शाळेला जायचं-यायचं. एसटी, वडाप, कुणाच्या तरी गाडीत मागची सीट, असं सगळं आयुष्य गेलं. त्यामुळं हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांतला नंबर पहिल्यांदा बघितला तेव्हा मी शोरूमच्या दारात उभी राहून रडले होते. गाडी इलेक्ट्रिक घ्यायची हेही माझंच ठरलेलं होतं. घरात सगळ्यांचा विरोध होता.

पहिला धक्का बिंदू चौकात बसला. डावीकडून मोटारसायकल घुसली, पुढचा बंपर कोपऱ्यात तडकला आणि लॉक तुटून तो लोंबायला लागला. मोटारसायकलवाल्या पोराला खरचटलंसुद्धा नाही, हे देवाचे आभार. अकराव्या दिवशी हायवेवर, शिरोलीच्या पुढं, सहापदरीकरणाच्या कामामुळं रस्ता वळवलाय तिथं एक टेम्पो अंगावर आला. मी डावीकडं ओढली. टेम्पोचा मागचा कोपरा माझ्या मागच्या दारात घुसला आणि गाडी काँक्रीटच्या तुकड्यावरून गेली. तेव्हा खालून जो आवाज आला तो अजून कानात आहे. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी पायाखाली, तळाशी असते एवढं मला माहीत होतं. पाय उचलून बसावंसं वाटलं मला.

त्यानंतर गाडी तेवीस दिवस एका मोठ्या वर्कशॉपमध्ये पडून होती. त्याचं नाव लिहीत नाही, पण झालेलं सांगितल्याशिवाय तुम्ही काय केलंत ते कळायचं नाही. काचेचं दार, एसी, कॉफीचं मशीन. पहिला प्रश्न, "मॅडम, गाडी तुम्हीच चालवत होता?" दुसरा प्रश्न, "सर नाही आले?" बंपर बदलावा लागेल, दार बदलावं लागेल, एक लाख बारा हजार. आणि मग आवाज खाली आणून, "खाली मार बसलाय. बॅटरीचा विषय आहे. पॅक बदलायला लागला तर सात-साडेसात लाख धरून चला. विम्यात बसेल का, आत्ता सांगता येत नाही."

मी विचारलं, कुठं मार बसलाय, मला दाखवता का?

तर म्हणाले, कस्टमरला आत प्रवेश नाही.

त्यांच्याकडं लिफ्ट होती, मिस्त्री. बटण दाबलं की गाडी डोक्याच्या वर जाते. काचेतून मला ती दिसत होती. माझीच गाडी तिच्यावर चढवलेली दिसत होती. पाच मिनिटं मला आत नेऊन बोटानं दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं? मग रोज फोन करायचा आणि रोज "पार्ट ऑर्डरला आहे" ऐकायचं. त्यातच भाच्यानं २०२३ सालच्या बातम्या पाठवल्या. परदेशात बॅटरीच्या पेटीला थोडासा मार बसला तरी विमा कंपन्या अख्ख्या गाड्या भंगारात काढतात, अशा. त्या बातम्या खऱ्याच होत्या. पेटीला इजा झाली तर आतल्या सेलची खात्री देणं अवघड असतं, हे मला आता कळतं. पण तेव्हा मला रात्र-रात्र झोप नव्हती. ज्या गाडीचे हप्ते आत्ता कुठं सुरू झालेत, तिचं भंगार झालं असं मी मनात धरूनच टाकलं होतं.

चोविसाव्या दिवशी गाडी तशीच बाहेर काढली. गाडी चालत होती, डॅशबोर्डवर कुठला दिवा लागलेला नव्हता, तरी "तुमच्या जबाबदारीवर नेताय" म्हणून सही घेतली. दोन गॅरेजवाल्यांनी लांबूनच हात जोडले. "लाईटची गाडी हाय, शॉक बसंल." त्यांना मी दोष देत नाही. भीती वाटते तर हात लावू नये, हेही बरोबरच आहे. शेवटी शाळेतले आमचे शिपाईमामा म्हणाले, उद्यमनगरात एक मिस्त्री आहेत, घाई करत नाहीत आणि खोटं बोलत नाहीत.

तुम्ही गाडीभोवती एक चक्कर मारलीत. गाडी कोण चालवत होतं, हे तुम्ही विचारलं नाहीत. "कुणाला लागलं न्हाई न्हवं?" एवढंच विचारलंत. महिनाभरात हा प्रश्न विचारणारे तुम्ही पहिलेच.

मग म्हणालात, "गाडीचं पुस्तक हाय का?" मी डॅशबोर्डच्या कप्प्यातून मॅन्युअल काढून दिलं. तुम्ही आतल्या खोलीतून मुलीला बोलावलंत. दहावीतली पोर, हातात भूगोलाची वही. "जॅक कुठं लावायचा ते वाच गं. मला इंग्रजी येत न्हाई." ती अडखळत वाचत होती, तुम्ही प्रत्येक वाक्याला थांबवून अर्थ विचारत होता, आणि एका शब्दाला तिनं माझ्याकडं बघितलं तेव्हा मी सांगितला. जॅक बॅटरीच्या पेटीला टेकवायचा नाही, कडेच्या ठरलेल्या चार जागांनाच लावायचा, हे तिथं चित्रासकट होतं. तुम्ही ते चित्र दोनदा बघितलंत, बोटानं जागा चाचपलीत, मध्ये लाकडी ठोकळा घातलात आणि मगच गाडी उचललीत. खाली स्टँड लावून गाडी हलवून बघितलीत. तीस वर्षं गाड्या उचलणारा माणूस पोरीकडून वाचून घेऊन गाडी उचलतो, हे मी वर्गात मुलांना सांगितलंय.

आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र आहे.

तुम्ही टॉर्च घेऊन खाली गेलात. पाच-सात मिनिटं काहीच आवाज नाही. माझे हात गार पडले होते. तुम्ही बाहेर आलात, पण काही बोलला नाहीत. कोपऱ्यातला जुना फ्लेक्स आणून गाडीखाली पसरलात. त्यावर चटई टाकलीत. खांद्यावर तुमचा टॉवेल होता, तो काळा झालेला. तुम्ही पिशवीतनं दुसरा काढलात, धुतलेला, घडी घातलेला, आणि चटईच्या टोकाला डोकं येईल तिथं ठेवलात. मग टॉर्च माझ्या हातात दिलात.

"मी सांगून काय उपयोग? तुम्हीच बघा की, बाई."

चोपन्न वर्षांची मी गाडीखाली आडवी झाले. मुलगी शेजारी बसून ओढणी सावरत होती. वर बघितलं तर एवढा मोठा सपाट पत्रा, त्यावर चिखल, आणि मधोमध वीतभर लांबीचा पांढरा चकाकता ओरखडा. तेवीस दिवस ज्यानं माझी झोप घालवली तो हा. तुम्ही पलीकडून वाकून म्हणालात, "नख फिरवा त्यावरनं. अडकतंय?" मी फिरवलं. अडकत नव्हतं. मग तुम्ही स्टीलची फूटपट्टी आत सरकवलीत, "आता ही आडवी धरा आणि मागनं उजेड मारा. फट दिसती का?" माझं अर्धं आयुष्य फूटपट्टी हातात धरून गेलंय, मिस्त्री. पट्टी पत्र्याला सरळ चिकटली होती, मधून उजेडाची रेघसुद्धा येत नव्हती. हा बॅटरीच्या पेटीखालचा संरक्षक पत्रा आहे आणि तो चेपलेला नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

मी तिथंच, खाली पडल्या पडल्या रडले. तुम्ही लगेच बाजूला जाऊन पोरांवर कशावरून तरी ओरडायला लागलात. तेही माझ्या लक्षात आलं होतं.

इथं कुणीही "काही झालं नाही, चालवा" म्हणून मोकळं झालं असतं. तुम्ही म्हणालात, "वरचा पत्रा सरळ हाय, एवढंच मी सांगणार. आतलं मला कळत न्हाई, आणि मोठ्या करंटच्या नारिंगी वायरला मी हात लावत न्हाई." मग या गाड्यांचं रीतसर शिक्षण घेतलेला तुमच्या ओळखीचा मुलगा तुम्ही दुसऱ्या दिवशी बोलावलात. त्यानं रबरी हातमोजे घालण्याआधी त्यात हवा भरली, मनगटाकडून गुंडाळत दाबले आणि बारीक भोक तर नाही ना म्हणून गालाशी धरून बघितले. त्याचं सगळं तपासून झालं, इन्सुलेशनचे, म्हणजे वीज बाहेर झिरपत नाही ना याचे आकडे त्यानं कागदावर लिहून दिले, आणि ते चोख होते. "बाहेर हात लावला तर आठ वर्षांची वॉरंटी गेली" असं मला घाबरवलं होतं. पण बॅटरीचा एक नटसुद्धा कुणी हलवला नाही.

बाकीचं काम तर मी शाळा सुटल्यावर येऊन बघतच बसायचे. बंपर उलटा करून तुम्ही आतल्या बाजूला कोरलेली बारीक अक्षरं दाखवलीत, पीपी आणि ईपीडीएम. हे प्लास्टिक गरम करून जोडता येतं, फेकून द्यायचं कारण नाही. तडकलेल्या जागी आतून तारेचे टाके घातलेत, तुटलेला लॉक नव्यानं बनवलात. दाराचा खड्डा लांबीनं, म्हणजे पुट्टीनं बुजवला नाहीत. आतलं कव्हर काढून, मागून हळूहळू दाबत पत्रा पत्र्याच्या जागी आणलात, डोळे मिटून तळहातानं चाचपत. रंगाचे तीन तुकडे तयार केलेत, एकदा उन्हात आणि एकदा सावलीत दाराला लावून बघितलेत आणि तिन्ही नापसंत करून चौथा केलात. मला तर पहिलाच चालला असता. रंग वाळवायला दिवे जवळ आणले नाहीत, "हिला जास्त गरमी सोसायची न्हाई" म्हणून रात्रभर तसंच ठेवलंत. पार्किंगचे सेन्सर परत बसवल्यावर मुलीला मागं उभं करून एकेक पाऊल पुढं यायला सांगितलंत आणि प्रत्येक बीप मोजलात.

एकोणीस हजार चारशे रुपये. त्यात गाडीखाली बघण्याचे, दाखवण्याचे पैसे कुठं लावलेले नव्हते. मी विचारलं तर म्हणालात, "बघायचं काय पैसं?"

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. सुटे नसले की तिकिटाच्या मागं बाकी लिहून द्यायचे, आणि स्टँड आला की स्वतः त्या माणसाला शोधत मागं जायचे. प्रवासी विसरलेला असायचा, ते विसरायचे नाहीत. लहानपणी वाटायचं, सगळी माणसं अशीच असतात. मग वाटायला लागलं, अशी माणसं संपली. आता वाटतं, ती आहेत, पण काचेच्या दाराआड शोधत बसलो तर सापडत नाहीत. एक्स-रे उजेडाला धरून हाड दाखवणारे डॉक्टर, वजन करताना काटा आपल्याकडं वळवणारी भाजीवाली, ही सगळी तुमच्याच घरातली. समोरच्याला कळत नाही म्हणून त्याला घाबरवायचं, की कळत नाही म्हणून शेजारी बसवून दाखवायचं, हा फरक मी शिक्षक म्हणून रोज बघते. त्या वर्कशॉपमधली मुलं शिकलेली होती, टापटीप होती. त्यांना कुणीतरी असं चटई टाकून दाखवायला शिकवायला हवं होतं.

गाडी उत्तम आहे. त्याच वळणावरून रोज जाते. पहिले आठ दिवस तिथं हात घट्ट व्हायचे, आता होत नाहीत.

तुमच्या मुलीचं इंग्रजी कच्चं नाही, तिला फक्त मोठ्यानं वाचायची सवय नाही. परीक्षेपर्यंत दर रविवारी तिला माझ्याकडं पाठवा, पैशाचं नाव काढू नका. मॅन्युअलची एक झेरॉक्स तुमच्यासाठी काढून ठेवलीय, जॅकचं आणि वायरींचं पान मराठीत लिहून त्यालाच टाचलंय. आणि तुमचा तो धुतलेला टॉवेल त्या दिवशी माझ्याच गाडीत राहिला. धुऊन ठेवलाय. शनिवारची सकाळची शाळा सुटली की आणून देते.

आपली,
वडगावच्या शाळेतल्या बाई