आजारी विद्यार्थी नापासांच्या रांगेत का?

मा. संपादक,
स. न.

‘डॉक्टरांची सर्टिफिकेटं विकत मिळतात, तेव्हा परीक्षा बुडवणाऱ्यांना कसलीही सवलत नको’ अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. सर्टिफिकेटांबद्दल ते म्हणतात ते खोटे नाही. माझी नोकरी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात झाली आणि निकालाच्या तोंडावर येणारे हे कागद मी भरपूर हाताळले आहेत. दवाखान्याचा शिक्का तोच, अक्षर तेच, आजार मात्र पाळीपाळीने बदलणारा : कावीळ, टायफॉइड, पुन्हा कावीळ. तरीही पत्रलेखकांनी काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. हे खोटे कागद तयार होण्यात विद्यार्थ्याच्या लबाडीचा जेवढा हात आहे, तेवढाच ते मागणाऱ्या नियमाचाही आहे.

समजा, पेपरच्या आदल्या रात्री एखाद्या मुलाला उलट्या-जुलाब सुरू झाले. सकाळी उठवत नाही, पेपर बुडतो. संध्याकाळपर्यंत थोडे बरे वाटते, दुसऱ्या दिवशी तो पुढच्या पेपरला बसतोही. मग कोणीतरी सांगते, अरे, सर्टिफिकेट जोडावे लागते. तो डॉक्टरांकडे जातो तेव्हा ठणठणीत असतो. डॉक्टरांनी काय लिहायचे? ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार परवा त्रास झाला होता’ एवढेच ते प्रामाणिकपणे लिहू शकतात, पण असे सर्टिफिकेट परीक्षा विभाग परत पाठवतो. मग मागची तारीख टाकली जाते. मुलगा खरा, आजार खरा, कागद खोटा! नियमाने सरळ माणसालाही खोटे बोलायला लावले, ते असे.

परीक्षेच्या हॉलमध्ये गैरहजेरीची नोंद कशी होते, हेही सांगतो. पेपर सुरू झाल्यावर ठरलेली वेळ उलटली, की पर्यवेक्षक हजेरीपटावर रिकाम्या बाकांच्या आसनक्रमांकांभोवती लाल गोल करतात. ते क्रमांक केंद्राच्या अहवालात जातात, अहवाल विद्यापीठात, तिथून निकालाच्या लेजरमध्ये. या सगळ्या प्रवासात ‘का आला नाही?’ हा रकानाच कुठे नसतो. अभ्यास झाला नाही म्हणून झोपून राहिलेला आणि आयसीयूत पडलेला, दोघांपुढे एकच खूण. पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरताना हे दोघे नापासांसोबत एकाच रांगेत उभे राहतात. फी तीच, आणि एटीकेटीच्या हिशेबात तो विषयही राहिलेलाच धरला जातो.

माझे म्हणणे इतकेच, की ही रांग दोन ठिकाणी लावा. नापास झालेल्याची फेरपरीक्षा ही त्याची दुसरी संधी असते. आजारपणामुळे पेपर बुडलेल्याची परीक्षा उशिरा घेतली, तरी ती त्याची पहिलीच संधी असते. ऑस्ट्रेलियातल्या कित्येक विद्यापीठांनी हा भेद नियमातच केला आहे. तिथे लांबणीवर टाकलेली परीक्षा वेगळी आणि पुरवणी परीक्षा वेगळी. पहिलीत पूर्ण गुण मिळू शकतात, दुसरीत बहुधा उत्तीर्ण होण्यापुरतेच. ब्रिटनमध्येही फेरपरीक्षेचे गुण बऱ्याच ठिकाणी किमान उत्तीर्ण गुणांवर, म्हणजे पदवीसाठी सहसा ४० टक्क्यांवर, रोखून धरतात. नापास झालेल्याला अभ्यासाला जादा महिने मिळाले, त्या बळावर त्याने पहिल्या फटक्यात पास झालेल्यांच्या पुढे जाऊ नये, हा त्यामागचा विचार मला मान्य आहे. आजारी पडलेल्यालाही जादा दिवस मिळालेच की, असे कोणी म्हणेल. मिळाले खरे, पण ते सलाइन लावून घेण्यात गेले.

संधींच्या मोजणीचेही तेच. जर्मनीत एखाद्या विषयाच्या परीक्षेला साधारण तीनदाच बसता येते, आणि शेवटची संधी हुकली तर तोच अभ्यासक्रम दुसऱ्या विद्यापीठातही पुढे चालवता येत नाही. इतका कडक देश, पण वेळेवर कळवलेल्या आणि सिद्ध झालेल्या आजारपणात बुडलेला पेपर तिथे संधी म्हणून मोजत नाहीत. तिथल्या बऱ्याच विद्यापीठांतली आणखी एक पद्धत मला आवडते. डॉक्टरांनी त्रास काय आहे आणि त्यामुळे काय करणे जमत नाही ते लिहायचे. परीक्षा देता येईल की नाही, हा निर्णय मात्र परीक्षा मंडळाचा. आपल्याकडे ‘विश्रांतीची गरज आहे’ या एका ओळीवर सगळा कारभार चालतो, आणि तिच्यावरून कोणालाच काही ठरवता येत नाही.

आता सर्टिफिकेटांच्या बाजाराबद्दल. एक-दोन दिवसांच्या आजारपणासाठी डॉक्टरांचा कागद मागूच नये, असे माझे मत आहे. वर्षातून एकदा विद्यार्थ्याने स्वतःच्या सहीने लिहून द्यावे, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, आणि ते मान्य करावे. ब्रिटनमध्ये नोकरदाराला आजारपणाच्या पहिल्या सात दिवसांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, आणि तिथल्या काही विद्यापीठांनी विद्यार्थ्यांनाही थोड्या दिवसांपुरती अशी मुभा दिली आहे. सगळेच फायदा घेतील, ही भीती मी विभागातल्या बैठकांमध्ये अनेकदा ऐकली. घेईनात! त्यांना मिळते काय? फुकटचे गुण नाहीत, सूट नाही. तोच अभ्यासक्रम, नवी प्रश्नपत्रिका आणि डोक्यावर आणखी काही आठवडे परीक्षा. शिवाय ती एक मुभा वापरून टाकली, की खरे आजारपण आल्यावर हात रिकामे. दीर्घ आजार, अपघात, बाळंतपण यांची कागदपत्रे आपोआपच असतात, ती जरूर मागावीत.

याच्या उलट बाजूचा एक नियम आहे, त्याबद्दल मात्र माझे मत अर्धेमुर्धे आहे. परदेशात अनेक ठिकाणी असे धरतात, की हॉलमध्ये येऊन बसलात म्हणजे परीक्षा द्यायला आपण ठीक आहोत असे तुम्हीच जाहीर केलेत. पेपर अवघड गेल्यावर ताप आठवायचा नाही. बरोबर आहे. पण पेपर सुरू असतानाच चक्कर आलेल्याचे काय? किंवा ज्याचा आजार मनाचा आहे, म्हणजे आपण ठीक आहोत की नाही हे ठरवण्याची शक्तीच ज्याने हिरावली आहे, त्याचे काय? यांच्यासाठी वाट ठेवायलाच हवी. निदान पहिल्या प्रकारातला पुरावा तर आपल्या हातातच असतो. प्रत्येक ब्लॉकच्या अहवालात शेरा लिहायला जागा असते आणि तिथे वर्षानुवर्षे ‘निरंक’ लिहिले जाते. ‘११.२० वाजता अमुक आसनक्रमांकास उलटी झाली, १५ मिनिटे बाहेर बसवले’ एवढी ओळ पर्यवेक्षकांनी तिथे लिहिली, तर ती कोणत्याही सर्टिफिकेटाहून भारी ठरेल. विद्यार्थ्यांनीही असा त्रास झाला तर गप्प न बसता ती ओळ लिहून घ्यावी.

सगळ्यात नुकसान करते ती तारीख. लांबणीवर पडलेली परीक्षा सहा महिन्यांनी किंवा वर्षाने होणार असेल, तर नियम कितीही उदार असो, मुलगा कांजिण्या अंगावर घेऊन हॉलमध्ये येणारच, आणि अख्ख्या ब्लॉकला त्या वाटून जाणार. कोविडच्या काळात खोकणाऱ्या परीक्षार्थीला आम्ही सगळेच घाबरत होतो. साथ ओसरली आणि तो धडाही ओसरला. निकाल लागल्यापासून चार-सहा आठवड्यांत ही परीक्षा व्हायला हवी. काम वाढेल, नाकारत नाही. प्रश्नपत्रिकेचा दुसरा संच काढणे, तो फुटू न देणे, मूठभर मुलांसाठी केंद्र उघडणे हे सगळे खर्चिक आहे. नापासांची फेरपरीक्षा आणि ही परीक्षा एकाच दिवशी, एकाच प्रश्नपत्रिकेवर घेतली तरी चालेल. वेगळी ठेवायची ती नोंद आणि गुणांची मर्यादा.

अंतर्गत चाचण्यांत तर एवढाही खटाटोप नको. चार चाचण्या घ्या, चांगल्या तीन धरा. एखादी आजारपणात गेली तर अर्ज नाही, सर्टिफिकेट नाही, विभागप्रमुखांच्या दारात ताटकळणे नाही. चौथीला काही मुले हक्काची सुट्टी समजून दांडी मारतात, हे प्राध्यापकांचे म्हणणे खरे आहे, पण तेवढे सोसावे. प्रात्यक्षिके आणि तोंडी परीक्षांना हा उपाय चालत नाही. तिथे बॅच बदलून देणे हाच मार्ग, आणि तो पहिल्या दिवशीच्या बॅचच्या मुलांना मिळतो, शेवटच्या दिवशीच्यांना नाही.

शेवटी अर्ज नाकारण्याच्या पद्धतीविषयी. ‘आपला अर्ज नियमात बसत नाही’ असे छापील वाक्य आणि खाली सही, इतकेच उत्तर विद्यार्थ्याच्या हाती पडते. कोणत्या नियमात, का बसत नाही, आता दाद कोणाकडे मागायची, यातले काहीच त्यात नसते. त्यातून ते बहुधा निकालानंतर येते, तोवर पुढच्या परीक्षेच्या फॉर्मची मुदत संपत आलेली असते. हे उत्तर निकालाआधी, कारणासह द्यावे. आणि अपील ज्याने अर्ज नाकारला त्याच टेबलावर पुन्हा जाऊ नये.

आपला,
एक निवृत्त परीक्षा कर्मचारी
(कृपया नाव छापू नये.)