कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या दुरुस्तीवाल्या काकांना

काका, साष्टांग नमस्कार.

दुकान बंद करून तुम्ही लेकीकडं पुण्याला चाललाय, हे परवा चहाच्या गाड्यावर कळलं. समोर येऊन आभार मानले असते तर "चल, काम बघ जा" म्हणून हाकललं असतंत. म्हणून चारचौघांत लिहितोय.

आम्ही दोघं भाऊ पहिल्यांदा तुमच्याकडं आलो ते आईचा मिक्सर घेऊन. मी दहावीत, धाकटा सातवीत. टेबलावर एक कॅसेट डेक उघडा पडला होता. आत अडकलेली कॅसेट तुम्ही चिमट्यानं सोडवलीत, पेन्सिल घालून फीत गुंडाळलीत आणि डेक चालतोय का बघायला तीच लावलीत. वर पेनानं 'ऑर्बिटल' एवढंच लिहिलेलं. नुसती यंत्रं वाजत होती, तरी धाकट्याचा पाय थांबेना. गिऱ्हाईक डेक घेऊन गेलं, कॅसेट विसरलं. महिनाभर वाट बघून तुम्ही ती आम्हाला दिलीत. (ज्याची होती त्याचेही आभार. परत मिळणार नाही.)

पुढं नेट कॅफेत पैसे घालून कळलं, की ऑर्बिटल म्हणजेही दोघं सख्खे भाऊच. पॉल आणि फिल हार्टनॉल, इंग्लंडात केंटमधल्या सेव्हनओक्सचे. लंडनला वेढा घालणारा एम-२५ हा रिंगरोड, तिकडं त्याला 'ऑर्बिटल' म्हणतात, त्यावरून नाव घेतलेलं, कारण तेव्हा पोरं रात्री त्याच रस्त्यानं नाचाच्या पार्ट्या शोधत हिंडायची. त्यांचं पहिलं गाजलेलं 'चाइम' १९८९ चं, घरात बसून केलेलं, वडिलांच्या कॅसेट डेकवर उतरवलेलं. आमच्या वडिलांनी टेपला बोट लावू दिलं नव्हतं, त्यामुळं ही गोष्ट आम्ही घरी मुद्दाम दोनदा सांगितली.

तुम्हाला मात्र १९९० चा किस्सा आवडला. 'टॉप ऑफ द पॉप्स' या बीबीसीच्या कार्यक्रमात रेकॉर्ड लावून वाजवल्याचं सोंग करायचं होतं, तर हे दोघं यंत्रांचे प्लगच न लावता उभे राहिले. तुम्ही एवढे हसलात की सोल्डर चिपच्या भलत्याच पायाला लागलं. मग विचारलंत, "आणि खरं वाजवताना काय करतात?" मी सांगितलं, सिक्वेन्सर म्हणजे आधी भरून ठेवलेले सूर-ताल वाजवणारं यंत्र, त्यावर आठ ट्रॅकची आठ बटणं. कुठं ढोल, कुठं बेस, कुठं सूर. बटण दाबलं की तो आवाज आत, परत दाबलं की बाहेर. गाणं किती लांबवायचं ते समोरची गर्दी बघून तिथंच ठरतं. तुम्ही म्हणालात, "म्हणजे भजनच की. लोक रंगले की बुवा तीच ओळ परत घेतोय." इतकी वर्षं वाजवतोय, याहून सोपं कुणाला सांगता आलेलं नाही.

१९९४ ला ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवात ते चष्म्याला दिवे लावून उभे राहिले, अंधारात बटणं दिसावीत म्हणून. आम्ही उद्यमनगरातून वेल्डिंगचे गॉगल आणून त्याला टॉर्च बांधले. पहिल्याच कार्यक्रमात धाकट्याचा टॉर्च तापला आणि कानामागं भाजलं. डाग अजून आहे.

मग आमचं फाटलं. त्याचं म्हणणं, पेनड्राइव्ह लावू, हात वर करून नाचू, डॉल्बीपुढं कुणाला कळतंय? माझं म्हणणं, मग प्लग तरी कशाला लावायचा? बोलता बोलता पैशावर आलं. आठ महिने एका घरात राहून बोललो नाही.

त्यात २०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर. शाहूपुरीत आमच्या तळमजल्यावर दोन्ही कीबोर्ड आणि ड्रम मशीन बुडालं. पाणी ओसरल्यावर मी पोत्यात घालून तुमच्याकडं आणलं. तुमचं पहिलं वाक्य, "प्लग लावून बघितलास का? न्हाई? मग वाचलं." पट्ट्यांखालचं एकेक रबर काढून तुम्ही गाळ धुतलात, बोर्ड टूथब्रशनं घासलेत, कॅपॅसिटर बदललेत. तीन आठवडे दुकानात चिखलाचा वास होता. झाल्यावर घ्यायला आलो तर म्हणालात, "एकट्याला मिळणार न्हाई. दोघं मिळून या."

मी चिडलो. सामान माझं, पैसे माझे. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तुझे ते इंग्लंडवाले किती वेळा मोडले?" दोनदा, काका. २००४ ला थांबले, २००९ ला परत उभे राहिले. २०१२ ला लंडनच्या पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात स्टीफन हॉकिंगसोबत वाजवलं. २०१४ ला पुन्हा थांबले, २०१७ ला पुन्हा जुळले. "मग तुमचं एकदाच मोडलंय. अजून एक शिल्लक हाय."

चौथ्या दिवशी आम्ही दोघं आलो. एकमेकांकडं न बघता. तुम्ही दोघांना एकेक कीबोर्ड लावून दिलात आणि शेजारी चहा सांगायला गेलात, ते तासभर आलाच नाहीत. चहाही आला नाही.

हार्टनॉल बंधूंनी २०२३ ला नवा अल्बम काढला. आम्हीही वाजवतोय, लग्नात, गॅदरिंगला, मिळेल तिथं. माझ्या कीबोर्डची डावीकडून तिसरी पट्टी तुमच्या हातूनही सुटली नाही, अजून मुकीच आहे. धाकटा ती त्याच्याकडं वाजवतो.

रविवारी टेबल आणि कपाटं खाली उतरवायला येतोय. दोघंही.

तुमचा,
मिक्सरवाल्यांचा थोरला