मोफत वकिलासाठी उत्पन्नाचा दाखला कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या शेजारी राहणाऱ्या एका विधवा बाईंवर धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणातून मारहाणीचा गुन्हा दाखल झाला आणि ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत त्यांना न्यायालयाचे समन्स आले. घरी दोन एकर कोरडवाहू शेत, बाकी सारा भार रोजमजुरीवर. मोफत वकील मिळावा म्हणून अर्ज करायला मी त्यांच्यासोबत गेलो, तेव्हा आधी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणा, असे आम्हाला सांगण्यात आले. मग तलाठी, सेतू केंद्र आणि तहसील अशा चकरा सुरू झाल्या. त्यात चार दिवसांची मजुरी बुडाली, दाखला हाती येण्याआधीच तारीख आली आणि शेवटी बचत गटातून कर्ज काढून त्यांनी खासगी वकील लावला.

हा दाखला त्यांना मागायलाच नको होता. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, पूर किंवा दुष्काळासारख्या आपत्तीत सापडलेले लोक आणि कोठडीत असलेली व्यक्ती, या सर्वांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी सेवेचा हक्क आहे. उत्पन्नाची अट लागते ती या वर्गांत न बसणाऱ्यांना, आणि आपल्या राज्यात ती मर्यादा वर्षाला ३ लाख रुपये आहे. त्यांच्या बाबतीतही कलम १३ स्पष्ट सांगते की, अर्जदाराने उत्पन्नाविषयी केलेले प्रतिज्ञापत्र पुरेसा पुरावा मानता येईल. त्यावर अविश्वास ठेवण्यास मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडे कारण असेल तरच गोष्ट वेगळी. म्हणजे ज्या कोरडवाहू शेतकऱ्याला खरोखरच उत्पन्न दाखवावे लागते, त्यालाही सहसा तहसीलची पायरी चढण्याचे कारण नाही. कायदा करणाऱ्यांनी गरिबाच्या शब्दावर जो विश्वास टाकला, तो अर्ज घेणाऱ्या टेबलावर का टाकला जात नाही, हे मला कळत नाही.

दाखल्यासाठी एक तारीख गेली तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. परंतु वकिलाविना उभा राहिलेला आरोपी जामिनाविषयी काय मागायचे, दोषारोपपत्राची प्रत कधी घ्यायची, साक्षीदाराला काय विचारायचे, यातले काहीच जाणत नाही, आणि उलटतपासणी न झालेली साक्ष त्याच्याविरुद्ध जशीच्या तशी राहते. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये सुक दास यांच्या प्रकरणात, आरोपीने वकील मागितला नव्हता हे कारण न मानता, मोफत वकिलाचा हक्क त्याला सांगितलाच गेला नाही म्हणून शिक्षा रद्द केली होती. पूर्वी सरकारी खर्चाने वकील देण्याची फौजदारी प्रक्रिया संहितेतील तरतूद मुख्यतः सत्र न्यायालयातील खटल्यांसाठी होती; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४१ ने ती कोणत्याही न्यायालयातील खटल्याला आणि अपिलालाही लागू केली. धुऱ्याच्या भांडणाचे खटले बहुधा तालुक्याच्या न्यायालयातच चालतात, म्हणून खेड्यातल्या माणसासाठी हा बदल फार मोलाचा आहे.

माझी विनंती एवढीच आहे की, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने प्रत्येक तालुका विधी सेवा समितीला लेखी कळवावे की कलम १२ मधील वर्गांत बसणाऱ्यांकडून उत्पन्नाचा कोणताही पुरावा मागू नये आणि इतरांचे प्रतिज्ञापत्र स्वीकारावे. त्या प्रतिज्ञापत्राचा छापील मराठी नमुना अर्जासोबतच मिळावा, आणि कोणाला दाखला लागत नाही याची यादी १५१०० या मदत क्रमांकासह न्यायालय, पोलीस ठाणे आणि ग्रामपंचायत येथे ठळक अक्षरांत लावावी.

आपला,
एक वाचक, जि. यवतमाळ