आवाज कुठल्या वळणाला येतो, ते आधी विचारा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या पानावर लांज्याच्या एका भगिनींचं पत्र होतं. गाडी वळवताना घरघर येते म्हणून गॅरेजने स्टिअरिंगची रॅक (स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारी दात्यांची दांडी) बदलली, बिल भरमसाट झालं आणि आवाज होता तसाच राहिला, ही त्यांची तक्रार. राग रास्तच आहे. पण त्या पत्रात मधेच एक वाक्य होतं, ते गॅरेजवाल्याने ऐकून घेतलेलं दिसत नाही. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं तरी गाडी गप्प असते. हातखंब्याहून महामार्गाला लागून वेग घेतला आणि डावीकडचं वळण आलं की घरघर वाढते. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. एवढं ऐकूनही कुणी रॅक उघडायला घेतली असती, तर त्याला मी पुन्हा पहिल्या धड्यावर बसवलं असतं.

कारण साधं आहे. गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचा भार उजव्या बाजूच्या चाकांवर जातो. उजव्या चाकाचं बेअरिंग, म्हणजे चाक ज्यावर फिरतं ते गोळ्यांचं कडं, खराब असेल तर ते नेमकं तेव्हा ओरडतं, आणि वळण उजवीकडचं आलं की बरंचसं शांत होतं. हा आवाज गाडीच्या वेगाबरोबर चढतो, इंजिनाच्या फेऱ्यांशी त्याचा संबंध नसतो. मोकळ्या सरळ रस्त्यावर क्षणभर गिअर न्यूट्रल करून बघावं (इंजिन बंद करायचं नाही, उतारावर तर हा प्रयोगच करू नये). फेऱ्या खाली आल्या तरी घरघर तशीच राहिली, तर संशय चाकाकडे जातो. मग गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावावा, चाक हाताने फिरवावं आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवावा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना कळते. चाकाला वर-खाली धरून हलवल्यावर खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवला, तर तो बेअरिंगचा, बॉल जॉइंटचा (चाकाला सस्पेन्शनशी जोडणाऱ्या गोल सांध्याचा) की आणखी कशाचा, तेही बघावं लागतं. याला दोष वाचणारा संगणकी स्कॅनर लागत नाही.

आवाजाचा दुसरा प्रकार मोकळ्या मैदानात सापडतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळूहळू गोल फिरवायची आणि जरासा ॲक्सिलरेटर द्यायचा. कट-कट-कट असा ठेका आला की चाकाजवळचा सीव्ही जॉइंट, म्हणजे इंजिनाची ताकद वळत्या चाकापर्यंत नेणारा सांधा, गेला. ॲम्बॅसिडर आणि पद्मिनीच्या मालकांना हे दुखणं माहीत नव्हतं, कारण इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जायची. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि ओढणं व वळणं ही दोन्ही कामं पुढच्याच चाकांवर आलेली गाडी घरोघर पोचली. हा जॉइंट सहसा आपणहून मरत नाही. त्यावरचा रबरी बूट आधी फाटतो, ग्रीस बाहेर उडतं आणि आपल्याकडचा लाल चिखल आत जातो. चाकाच्या आतल्या अंगाला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले, तर आवाज येण्याची वाट बघू नका. त्या वेळी जॉइंट धुऊन, नवं ग्रीस भरून, नवा बूट आणि क्लिप लावून भागतं. कट-कट सुरू झाल्यावर मात्र ग्रीस भरणं म्हणजे पैसे पाण्यात. आतल्या गोळ्या आणि खाचा झिजलेल्या असतात. जॉइंट किंवा अख्खा शाफ्ट बदलावाच लागतो.

तिसरा प्रकार ऐकायला सर्वात भयानक आणि प्रत्यक्षात सर्वात फुटकळ. महामार्गाच्या कामावरची खडी उडून ब्रेकच्या डिस्कमागच्या पातळ पत्र्यात अडकते आणि लोखंडावर लोखंड घासल्यासारखी किंकाळी निघते. खडा काढायचा, वाकलेला पत्रा स्क्रूड्रायव्हरने मागे सारायचा, काम संपलं. अर्थात ब्रेक पॅड पार झिजूनही तसाच आवाज येतो, म्हणून चाक काढून डोळ्यांनी बघितल्याशिवाय खड्यावर ढकलू नये. उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवताना बॉनेटच्या कडेखालून करकर आली, तर शॉकॲब्जॉर्बरच्या वरचं माउंटिंग तपासावं. जुन्या हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्ये तेल कमी झालं की पंप विव्हळतो. इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या गाड्यांत हे तेलच नसतं.

आता दुरुस्तीबद्दल, कारण खरी गोम इथे आहे. बेअरिंग हातोडीने ठोकून बसवणारे आजही आहेत. ते दाबयंत्रावर, म्हणजे प्रेसवरच बसवायचं असतं, आणि आतलं-बाहेरचं यांपैकी जे कडं घट्ट बसवायचं, त्याच कड्यावर दाब द्यायचा. गोळ्यांमधून दाब गेला की नव्या कोऱ्या बेअरिंगला आतून खळगे पडतात आणि काही दिवसांत घरघर परत. एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) अनेक गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूला सेन्सरसाठी चुंबकी कडं असतं; ते उलटं बसलं की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि मालकाला सेन्सर बदलायला सांगितलं जातं. चाकाच्या मध्यावरचा हब नटही नवा घालून टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने), कंपनीने दिलेल्या मापाने आवळायचा. पायाने पाना दाबून नव्हे.

खासगी गाडीची फिटनेस तपासणी पहिली पंधरा वर्षं होत नाही. पीयूसीवाला धूर बघतो, चाकामागे वाकून कुणी बघत नाही. म्हणून आपल्या वाहनविषयक पानावर नव्या गाड्यांच्या कौतुकाबरोबर कधीतरी हेही छापावं, ही विनंती. गॅरेजवाल्यांनी बिलावर बदललेल्या पार्टच्या वर दोषाचं निदान काय केलं आणि ते कशावरून, या दोन ओळी लिहाव्यात. ज्यांना लिहिता येणार नाहीत, त्यांनी अंदाजाने पार्ट बदलला असं गिऱ्हाइकाने खुशाल समजावं.

लांज्याच्या भगिनींनी आता उजव्या बाजूची पुढची आणि मागची, दोन्ही बेअरिंगं आधी तपासून घ्यावीत. मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच वळणावर न्यावं. बेअरिंगच निघालं तर काम पुढे ढकलू नये, कारण खेळ वाढत गेला की चाकाचाच भरवसा राहत नाही. आणि काढलेली जुनी रॅक गॅरेजमध्ये अजून पडलेली असेल, तर ती मागून घ्यावी. पैसे त्यांनी भरले आहेत.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, रत्नागिरी